गोव्यातली बिअर घरी आल्यावर तशी का लागत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दरवर्षी मित्रांबरोबर कोल्हापूरहून गोव्याला जाता, तिथे किंग्ज नाहीतर किंगफिशरचे पाइंट मागवता आणि ती बिअर मनापासून आवडते. घरी परत आलात की बिअरला ती मजा राहत नाही. एक मित्र म्हणतो, गोव्याच्या बिअरमध्ये ग्लिसरीन घालत नाहीत, म्हणून. दुसरा म्हणतो, तिथल्या पाण्याचा गुण. पुण्यातला तिसरा मायक्रोब्रुअरीशिवाय, म्हणजे जिथे बिअर तिथेच थोडी थोडी बनवून विकतात अशा ठिकाणाशिवाय, कुठे पाय ठेवत नाही. त्याचं म्हणणं, असल्या बाजारू बिअरमध्ये चव शोधणंच चूक. यातलं खरं काय, आणि येताना एक क्रेट गाडीत टाकून आणावी का, असं तुम्ही विचारलंय.

लागर (थंडीत सावकाश आंबवलेली, किंगफिशरसारखी बिअर) बनवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यातली बहुतेक मराठवाड्यात. हल्ली लहान ब्रुअरींना सल्ला देतो. म्हणजे तुमचा बाजारू माल आणि तुमच्या पुण्याच्या मित्राचा माल, दोन्हीकडचं काम हाताखालून गेलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. चवीत खरोखर फरक असतो का, हा एक. आणि साधी, स्वस्त, सगळे पितात ती बिअर आवडणं हे चव नसल्याचं लक्षण आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर, हो, फरक बहुतेक वेळा खरा असतो, पण तुमचे मित्र सांगतात त्या कारणांनी नाही. दुसऱ्याचं उत्तर, अजिबात नाही. बाकी बरंच काही तुम्ही न सांगितलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे: घरी माइल्ड घेता की स्ट्रॉंग, कोणत्या दुकानातून, कोणत्या महिन्यात, आणि पाइंट (३३० मिलीची छोटी बाटली) की मोठी बाटली.

आधी ग्लिसरीन. ही समजूत देशभर आहे आणि तिच्यामागे एक डोळ्यांना दिसणारा प्रयोग आहे, म्हणून ती जात नाही. ग्लासात पाणी घ्यायचं, उघडलेल्या बाटलीच्या तोंडावर अंगठा धरून ती उलटी करायची, तोंड पाण्यात बुडवून अंगठा काढायचा. काही क्षणांत बाटलीतून तेलकट दिसणारी पिवळसर धार खाली उतरते आणि ग्लासाच्या तळाशी बसते. "बघ, ग्लिसरीन उतरलं." खरं म्हणजे ती उतरणारी गोष्ट बिअरच आहे. आंबवण पूर्ण झाल्यावरही बिअरमध्ये न आंबलेले डेक्स्ट्रिन (धान्याच्या स्टार्चचे तुकडे), प्रथिनं वगैरे उरतात. त्यामुळे तयार बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, सापेक्ष घनता साधारण १.००५ ते १.०१० च्या आसपास. बाटली गार आणि पाणी साधं असेल तर फरक आणखी वाढतो. जड द्रव खाली येतो, त्याच्या जागी पाणी वर चढतं, आणि दोघांतून प्रकाश वेगवेगळा वाकत असल्यामुळे ती धार तेलासारखी दिसते. खात्री करायची असेल तर घरी रिकाम्या बाटलीत गार कोकम सरबत भरून हाच प्रयोग करा. तसंच "ग्लिसरीन" उतरेल.

ग्लिसरॉल बिअरमध्ये असतं, पण ते यीस्ट आंबवताना स्वतःच तयार करतं, लिटरला एक-दोन ग्रॅम. गोव्याच्या बिअरमध्ये, कोल्हापूरच्या, जर्मनीच्याही. वरून घालून कारखान्याला काहीच साधत नाही. टिकवण्यासाठी म्हणाल तर त्यासाठी पाश्चरीकरण आहे: भरलेल्या, झाकण लावलेल्या बाटल्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांखालून सरकत जातात आणि आतली बिअर काही मिनिटं ६० अंशांच्या आसपास राहते. बाटली पाण्यात उलटी धरणाऱ्यांच्या पदरात एवढंच पडतं की थोडा गॅस जातो आणि बाटलीत नळाचं पाणी शिरतं.

पाण्याचं म्हणणं एकेकाळी खरं होतं. बोहेमियातल्या पिल्झेन शहरात १८४२ मध्ये पहिली पिल्सनर तयार झाली, तिच्यात तिथल्या अगदी मृदू पाण्याचा मोठा वाटा होता. आजचा कारखाना मात्र पाणी आरओमधून काढतो आणि मग कॅल्शियमचे क्षार हिशोबाने परत घालतो. जायकवाडीचं पाणी असो की गोव्यातल्या नदीचं, धान्य गरम पाण्यात भिजवायच्या टाकीत पोचेपर्यंत त्याचा मूळ स्वभाव शिल्लक राहत नाही. (पाण्याचा प्रश्न चवीचा नसून पुरवठ्याचा आहे. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली. आजूबाजूच्या गावांत टँकर येत असताना तो निर्णय योग्यच होता, असं त्या उद्योगात राहूनही मला वाटतं.)

मग फरक कुठून येतो? मला सर्वांत आधी वाटणारी शंका अशी की तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करताय. गोव्यात आपण माइल्ड पितो, पाच टक्क्यांच्या आतली. इकडे परमिट रूममध्ये बसलं की हात आपोआप स्ट्रॉंगकडे जातो, सात-आठ टक्क्यांच्या. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरचा मोठा भाग स्ट्रॉंगचाच आहे आणि त्यामागे हिशोब आहे: कर भरपूर, बाटली महाग, मग तेवढ्या पैशांत जास्त चढणारी घेतलेली बरी. स्ट्रॉंग बनवताना माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) जोडीला साखरेचा किंवा सिरपचा आधार घेतला जातो, आंबवण जोरात होतं, आणि त्यातून जड अल्कोहोल आणि एस्टर (फळांसारखा वास देणारे पदार्थ) जास्त तयार होतात. जिभेवर थोडं गोड, घशात थोडं गरम, वासाला पिकल्या केळ्याकडे झुकणारं, हे सगळं तिथून येतं. गोव्यात कर कमी असल्यामुळे चढण्याचा हिशोब कुणी करत नाही. माणूस दुपारभर बसणार असतो, त्याला हलकीच बिअर हवी असते. तेव्हा घरी काय मागवता ते आधी तपासा. उत्तर स्ट्रॉंग असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

दोन्हीकडे माइल्डच पीत असाल, तर मुद्दा येतो ताजेपणाचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि ग्राहकाला हेच सर्वांत कमी सांगितलं जातं.

बिअर वाइनसारखी मुरत नाही, पावासारखी शिळी होते. बाटली भरताना कितीही काळजी घेतली तरी मानेत थोडा प्राणवायू राहतोच. तो हळूहळू काम करतो. आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, गवतासारखा ताजा वास जातो, मग माल्टची बिस्किटासारखी चव मधाकडे झुकते, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. या वासामागच्या मुख्य रेणूचं नाव ट्रान्स-टू-नोनेनाल. तो इतक्या कमी प्रमाणात जाणवतो की शिकाऊ माणसांना ओळखायला शिकवतो तेव्हा सूक्ष्म थेंब मिसळून देतो, आणि एकदा ओळखला की तो दर चौथ्या बाटलीत सापडायला लागतो. उष्णता हे सगळं वेगाने घडवते. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, या तिन्हींमध्ये बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. आकडे काटेकोर नाहीत, दिशा मात्र अगदी बरोबर आहे.

आता बिअरचा मे महिन्यातला, विदर्भातला नाहीतर आपल्या घाटावरचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातून ट्रक निघाला, वर ताडपत्री. वितरकाच्या पत्र्याच्या गोदामात पंधरा दिवस. मग दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे दुपारी उभं राहवत नाही. फ्रीजमध्ये ती जाते विकायच्या आदल्या रात्री. लेबलवर साधारण सहा महिन्यांची मुदत असते आणि ती खोटी नसते, कारण सहा महिन्यांनीसुद्धा ती बिअर प्यायल्याने काही बिघडत नाही. पण चवीचा मुहूर्त त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. थंड-गरम-थंड झालं की बिअर बिघडते, असं लोक म्हणतात. चढउताराने तेवढं नुकसान होत नाही. ती एकूण किती तास गरम राहिली, यावर सगळं ठरतं.

गोव्याच्या किनाऱ्यावर याच्या नेमकं उलट घडतं. छोटं राज्य, अंतर कमी, हंगामात खप प्रचंड. सगळे एकच दोन ब्रँड मागतात म्हणून शॅकवाल्याचा फ्रीज रोज रिकामा होतो आणि रोज भरतो. तुमच्या हातात आलेला पाइंट बऱ्याचदा काही आठवड्यांपूर्वीच भरलेला असतो. त्या बिअरची खासियत तिच्या पाककृतीपेक्षा तिच्या वयात जास्त आहे.

म्हणून सर्वसामान्य माणूस आपापल्या भागातल्या खपाच्या बिअरकडे जातो, त्याला मी अडाणीपणा म्हणत नाही. जी बिअर सगळे पितात ती दुकानात टिकत नाही. टिकत नाही म्हणून ताजी असते. ताजी असते म्हणून पुन्हा तीच मागवली जाते. बंगालमध्ये लोक कल्याणी ब्लॅक लेबलबद्दल हळवे होतात, सिक्कीममध्ये युक्सोम ब्रुअरीजच्या हिट आणि डान्सबर्गचं नाव घेतात. तिथेही हाच फेरा काम करत असतो. तीच बाटली दूरच्या राज्यात हौसेने मागवली की ती फळीवर पडून राहते आणि पिणारा म्हणतो, "एवढं काय आहे हिच्यात?"

या प्रादेशिकपणाला कायद्यानेही हात दिला आहे. मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याचा उत्पादन शुल्क वेगळा, प्रत्येक लेबलची नोंदणी वेगळी, दुसऱ्या राज्यातून माल आणायचा तर शुल्क वेगळं. त्यात बिअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, तेही जड काचेत. असा माल लांब नेणं परवडत नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत कारखाने काढतात किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात, आणि लहान कंपन्या आपल्या राज्याबाहेर फारशा पडत नाहीत. यात तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट आहे. तुम्ही गोव्यात आणि कोल्हापुरात एकाच नावाची किंगफिशर प्यायलात तरी ती एकाच कारखान्यातली असेल असं नाही. कंपनी चव सारखी ठेवायला जिवाचा आटापिटा करते, नमुने एकमेकांकडे पाठवून चाखले जातात, आणि फरक फारच थोडा राहतो. तरी बाटलीवर उत्पादनाचं ठिकाण वाचायची सवय लावा.

आता पुण्याच्या मित्राचा मुद्दा. "असल्या बिअरला चवच नसते," हे वाक्य मी फार ऐकतो आणि दर वेळी मला ते अन्यायाचं वाटतं. या बिअरमध्ये माल्टबरोबर तांदूळ वापरतात, कधी कणी, कधी वाफवून चपटे केलेले, हातात घेतले तर जाड पोहेच वाटतील असे. काही ठिकाणी मका. तांदळामुळे अंग हलकं होतं, रंग फिका राहतो, शेवट कोरडा होतो. हॉप्स जेमतेम, कडवटपणा मोजण्याच्या एककांत बहुधा दहा ते पंधरा. मायक्रोब्रुअरीतल्या आयपीएमध्ये, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेल्या बिअरमध्ये, तो चाळीस-पन्नासच्या पुढे असतो. हे सगळं जाणूनबुजून केलेलं असतं. ३४ अंशांच्या दमट हवेत, रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर किंवा कॅफ्रियलसारख्या गोव्याच्या तिखट चिकनबरोबर प्यायची बिअर कडवट असून चालत नाही, कारण तिखट आणि कडवट एकमेकांना भडकवतात. हलकी, किंचित गोडसर, भरपूर गॅसची आणि हाडं गोठवणारी गार बिअर तोंड धुऊन पुढच्या घासाला मोकळं करते.

बनवणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर अशी बिअर अवघड असते. गडद स्टाउटमध्ये किंवा हॉप्सने भरलेल्या आयपीएमध्ये आंबवणातली चूक लपून जाते. फिक्या लागरमध्ये लपायला जागाच नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला, लोण्याचा आला, हिरव्या सफरचंदाचा आला, की तो लगेच समोर येतो. यीस्टला १०-१२ अंशांवर शांतपणे काम करू द्यायचं, मग थंडीत विसावू द्यायचं, आणि हे वर्षभर, दर आठवड्याला, एकाच चवीत करून दाखवायचं. भारतातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि त्यानंतर आपल्याकडे बिअरचं जग खूप मोठं झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथल्या तरुण ब्रुअरला मी पहिलं काम सांगतो ते चांगली फिकी लागर करून दाखवायचं. बरेच जण वर्षभर त्यातच अडकतात.

जागेचा परिणाम मात्र नाकारता येत नाही आणि तो नाकारू नये. १९६४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिसन आणि उल या दोन संशोधकांनी नेहमी बिअर पिणाऱ्यांना आधी बिनलेबलच्या बाटल्या दिल्या, नंतर त्याच बिअर लेबलसकट दिल्या. लेबल नसताना लोकांना आपला आवडता ब्रँड ओळखता आला नाही, सगळ्यांना जवळपास सारखेच गुण मिळाले. लेबल दिसलं की आपल्या ब्रँडचे गुण वाढले. यावरून लोक मूर्ख ठरत नाहीत. चव जिभेवर जेवढी असते तेवढीच आठवणीत आणि आजूबाजूच्या हवेत असते. आपल्याकडे हा फरक जास्तच मोठा आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याची चौकट आजही महाराष्ट्रात आहे, परवाने आहेत, म्हणून तर "परमिट रूम". गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तिथे दारू कधी लपवायची वस्तू झाली नाही, तवेर्नमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या दारूच्या दुकानात, शेजारी शेजाऱ्याला भेटायला जातो. उजेडात, समुद्रासमोर, बायकापोरांसह जेवताना प्यायलेली बिअर आणि काळ्या काचांच्या खोलीत घड्याळाकडे बघत संपवलेली बिअर सारखी लागणार नाहीच.

तुमच्या बाबतीत जीभ किती आणि जागा किती, हे घरीच तपासता येतं. आम्ही कारखान्यात करतो ती त्रिकोणी चाचणी करा. स्टीलचे तीन पेले घ्या, म्हणजे रंग दिसणार नाही. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, तिन्ही सारख्याच गार. ओतणारा खोलीबाहेर थांबेल, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही. पिणाऱ्याने फक्त वेगळा पेला कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर निकाल देऊ नका; चौघा मित्रांच्या दोन-तीन फेऱ्या घ्या, घोट लहान ठेवा. एकाच ब्रँडची या महिन्यातली बाटली आणि पाच महिने जुनी बाटली लावून बघा. मग दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या ताज्या माइल्ड लावा. माझा अनुभव असा की पहिल्या जोडीत लोक जास्त वेळा बरोबर येतात. पुण्याच्या मित्रालाही बसवा.

क्रेटबद्दल: आणू नका. त्या बाटल्यांवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, त्यांवरचा कर महाराष्ट्रात भरलेला नसतो, आणि गोव्याची दारू सिंधुदुर्गात उतरवणं हा इकडच्या कायद्याने गुन्हा आहे. बांद्याच्या पुढे इन्सुलीला, तसंच आंबोलीच्या वाटेवरही उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते. गाडीसुद्धा जप्त होते. शिवाय ज्या ताजेपणासाठी ती बिअर आवडली तोच डिकीतल्या उन्हात पाच-सहा तासांत कमी होतो. एवढा धोका पत्करून घरी येते ती शिळी बाटलीच.

त्याऐवजी कोल्हापुरात जास्तीत जास्त खप असलेली बिअर शॉपी शोधा. गर्दीच्या वेळी दहा मिनिटं उभं राहून लोक कोणती माइल्ड नेतायत ते बघा आणि तीच घ्या, मग नाव कोणतंही असो. लेबलवरचा उत्पादनाचा महिना वाचा. दोन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, चारच्या पुढची असेल तर दुसरी मागा, दुकानदार देतो. ट्यूबलाइटखाली फळीवर लावलेली हिरवी किंवा पांढरी बाटली टाळा, कारण प्रकाशाने हॉप्स बिघडून उग्र वास सुटतो; तपकिरी काच बरंच संरक्षण देते. बाटलीच्या अंगावर गोल पांढरे ओरखडे दिसले तर घाबरू नका, ती भंगारातून परत आलेली, धुऊन पुन्हा भरलेली बाटली आहे, आतल्या मालाशी त्याचा संबंध नाही. आणि ६५० मिलीच्या बाटलीऐवजी ३३० चे पाइंट घ्या. थोडे महाग पडतात, पण मोठ्या बाटलीतला शेवटचा ग्लास कोमट आणि बिनगॅसचा होतो. गोव्यात तुम्ही पाइंटच पीत होतात.